एचआयव्ही असलेल्या आईचं गरोदरपण: बाळाला लागण होईल का, एवढाच प्रश्न नाही

एचआयव्ही असलेली बाई गरोदर राहिली की घरच्यांचा, शेजारच्यांचा आणि पुष्कळदा दवाखान्यातल्या लोकांचाही पहिला प्रश्न एकच असतो: बाळाला होईल का? या प्रश्नाचं आजचं उत्तर खूप चांगलं आहे आणि ते अजून पुरेशा लोकांपर्यंत पोचलेलं नाही, म्हणून आधी तेच सांगते. आई गरोदर राहण्याच्या आधीपासून रोज औषध घेत असेल आणि तिच्या रक्तातला विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका दबलेला असेल, तर बाळाला लागण होण्याची शक्यता एक टक्क्याहूनही कमी असते. फ्रान्समध्ये अशा मातांच्या २,६५१ बाळांची माहिती २०१५ साली प्रसिद्ध झाली. दिवस जाण्याआधी औषध सुरू झालेलं, नऊ महिने ते न चुकता चाललेलं आणि बाळंतपणाच्या वेळी विषाणू दबलेला, अशा या माता होत्या. त्यांच्या एकाही बाळाला लागण झाली नव्हती. (तिथे या बाळांना अंगावर पाजत नाहीत. दुधाचा मुद्दा वेगळा आहे, त्याकडे पुढे येते.)

पण बाळाला लागण झाली नाही म्हणजे गरोदरपण सुखरूप पार पडलं, असं धरून चालता येत नाही. मूल दिवस भरण्याआधी जन्माला आलं का, त्याचं वजन किती भरलं, ते जिवंत जन्मलं का, आईला क्षय झाला का, बाळंतपणानंतर आईची तब्येत कशी राहिली, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. या प्रश्नांची उत्तरं शोधण्यात पुण्यातल्या ससून रुग्णालयात आणि बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात आलेल्या गरोदर बायकांचा मोठा वाटा आहे. हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

विषाणू आईकडून बाळाकडे तीन वेळा जाऊ शकतो: पोटात असताना, बाळंतपणाच्या वेळी आणि अंगावरच्या दुधातून. औषधच घेतलं नाही तर या तिन्ही टप्प्यांत मिळून शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना लागण होते. म्हणजे काहीही उपचार नसतानाही निम्म्याहून जास्त बाळं सुटतात, कारण गर्भाशयातली वार (प्लासेंटा) आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळू देत नाही. सर्वांत मोठा धोका असतो तो कळा सुरू झाल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतच्या काही तासांत. त्या वेळी बाळाचा आईच्या रक्ताशी आणि योनीमार्गातल्या स्रावांशी थेट संबंध येतो. तिन्ही टप्प्यांवर सगळ्यांत जास्त फरक पाडते ती एकच गोष्ट, आईच्या रक्तात विषाणू किती आहे. यालाच व्हायरल लोड म्हणतात.

हे कळायला बराच काळ गेला. १९९४ साली अमेरिका आणि फ्रान्समधल्या एका अभ्यासात गरोदर बायकांना आणि त्यांच्या बाळांना झिडोवुडिन हे एकच औषध दिलं, तर लागणीचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ टक्क्यांवर आलं. पण ते औषध महाग होतं आणि अनेक आठवडे घ्यावं लागे. १९९९ मध्ये युगांडातून बातमी आली की कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरापिनची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक डोस एवढ्यावरही लागण जवळजवळ निम्म्यावर येते. भारताने हाच मार्ग धरला. २००० च्या सुमारास अकरा मोठ्या रुग्णालयांत चाचपणी झाली आणि मग देशभर कार्यक्रम सुरू झाला. त्यातून हजारो मुलं वाचली. तरी त्या पद्धतीत एक उणीव होती. एका गोळीने आईच्या आजारावर काहीच उपचार होत नव्हता. उलट त्या एका डोसामुळे काही बायकांमधला विषाणू नेव्हिरापिनला दाद देईनासा होई आणि पुढे खरा उपचार करायची वेळ आली की अडचण होई. बाळ वाचवायचं होतं, पण त्या बाळाला वाढवणारी आई मात्र हिशेबातून सुटली होती.

मोफत एआरटी, म्हणजे विषाणूला दाबून ठेवणारी औषधं, सरकारी रुग्णालयांत १ एप्रिल २००४ पासून मिळू लागली. सुरुवातीला ती फक्त प्रतिकारशक्ती बरीच खालावलेल्यांना मिळत. २०१४ पासून धोरण बदललं: गरोदर बाईच्या सीडी४ पेशी (ज्यांच्या संख्येवरून प्रतिकारशक्ती मोजतात त्या पांढऱ्या पेशी) कितीही असोत, एचआयव्ही आढळला की लगेच औषध सुरू करायचं आणि ते आयुष्यभर चालू ठेवायचं. २०१७ पासून हा नियम सगळ्याच रुग्णांना लागू झाला. आज बहुतेकींना टीएलडी नावाची दिवसाला एक गोळी असते. तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्हुडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं एकत्र असतात.

इथे वेळेला फार महत्त्व आहे. विषाणू दबायला आठवडे लागतात. सातव्या-आठव्या महिन्यात पहिल्यांदा नाव नोंदवलं आणि तेव्हा निदान झालं, तर हातात वेळ कमी उरतो. दक्षिण आफ्रिका आणि युगांडात शेवटच्या तिमाहीत निदान झालेल्या बायकांचा अभ्यास झाला. डोल्युटेग्राविर घेतलेल्यांपैकी ७४ टक्के जणींचा व्हायरल लोड बाळंतपणापर्यंत ५० च्या खाली (एक मिलिलिटर रक्तात विषाणूच्या ५० हून कमी प्रती) आला. जुन्या एफाविरेन्झने ते प्रमाण ४३ टक्केच होतं. उशीर झालेल्यांसाठी नवं औषध चांगलं आहे, हे यातून दिसतं. तरी चौघींतली एक मागे राहतेच. म्हणून गरोदरपणाची खात्री झाली की पहिल्या भेटीतच रक्त तपासून घ्यायचं. सरकारी दवाखान्यांतल्या आयसीटीसी केंद्रात ही तपासणी आणि समुपदेशन दोन्ही मोफत होतं.

आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतं. तिसऱ्या महिन्यात रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून पुढचे महिने बिनघोर, असं नाही. गरोदरपणात किंवा बाळ अंगावर पीत असताना नव्याने लागण झाली, तर त्या काळात आईच्या रक्तात विषाणूचं प्रमाण प्रचंड असतं आणि बाळाला धोका सर्वाधिक असतो. म्हणून नवऱ्याचीही तपासणी व्हायला हवी. नवरा स्थलांतरित कामगार असेल, ट्रकवर असेल किंवा त्याचा रिपोर्ट माहीतच नसेल, तर बाईची तपासणी पुन्हा करणं शहाणपणाचं आहे. पुष्कळ घरांत गरोदर बाईचंच रक्त तपासलं जातं आणि मग तिलाच दोष दिला जातो. आजार कुणी आणला, हे त्या रिपोर्टवरून कळत नाही. कुणाचं निदान आधी झालं, एवढंच कळतं.

आता बाकीच्या परिणामांकडे येते. एचआयव्हीवर उपचार न घेणाऱ्या बायकांमध्ये दिवस भरण्याआधी प्रसूती, कमी वजनाचं मूल आणि मृत मूल जन्मणं यांचं प्रमाण जास्त असतं. गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर आईचाच मृत्यू होण्याचा धोका एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये सुमारे आठपट असल्याचं २०१३ च्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं होतं. त्यातली बरीचशी माहिती औषधं सर्वदूर पोचण्यापूर्वीच्या आफ्रिकेतली होती. अंगात सतत चालू असणारा दाह, रक्तक्षय, क्षयरोग, इतर संसर्ग आणि पोषणाची आबाळ ही त्यामागची कारणं.

मग औषधाने हे सगळं नीट होतं का? उत्तर सरळ नाही. प्रॉमिस नावाचा एक मोठा अभ्यास भारत, मलावी, दक्षिण आफ्रिका, टांझानिया, युगांडा, झांबिया आणि झिंबाब्वेमध्ये झाला. भारतातलं केंद्र पुण्यात होतं. प्रतिकारशक्ती चांगली असलेल्या गरोदर बायकांच्या एका गटाला मुख्यतः झिडोवुडिन दिलं आणि दुसऱ्या गटांना तीन औषधांची पूर्ण एआरटी. २०१६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाले. बाळाला जन्माच्या आसपास लागण होण्याचं प्रमाण पहिल्या गटात १.८ टक्के होतं, एआरटी घेतलेल्यांत फक्त ०.५ टक्के. इथवर आनंदाचीच बातमी. पण झिडोवुडिन असलेली एआरटी घेणाऱ्यांमध्ये अडीच किलोहून कमी वजनाची बाळं २३ टक्के निघाली, तर झिडोवुडिनच्या गटात १२ टक्के. दिवस भरण्याआधीच्या प्रसूतीही जास्त झाल्या: २०.५ टक्के विरुद्ध १३.१ टक्के.

हे वाचून कुणी गोळी बंद करू नये, म्हणून कारण नीट समजून घ्यायला हवं. त्या अभ्यासातल्या एआरटीमध्ये लोपिनाविर-रिटोनाविर ही प्रोटीएज इनहिबिटर गटातली औषधं होती. या गटातल्या औषधांमुळे काही बायकांत प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवून धरणारं संप्रेरक कमी होतं, असं संशोधकांना आढळलं आहे. शरीराची प्रतिकारशक्ती अचानक सावरते तेव्हा गर्भधारणेसाठी लागणारा तिचा समतोल बदलतो, हाही एक संशय आहे. आज भारतात पहिल्या फळीत ही औषधं दिली जात नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात डोल्युटेग्राविर आणि एफाविरेन्झ यांची तुलना झाली. त्यातही पुण्याच्या बायका होत्या. डोल्युटेग्राविर घेतलेल्या ९८ टक्के जणींचा विषाणू बाळंतपणापर्यंत दबला होता, एफाविरेन्झ घेतलेल्या ९१ टक्के जणींचा. टेनोफोविरच्या नव्या रूपासोबत, म्हणजे टेनोफोविर अलाफेनामाइडसोबत, डोल्युटेग्राविर दिलं तेव्हा गरोदरपणातले वाईट परिणाम २४ टक्के होते. बाकीच्या दोन्ही गटांत ते ३३ टक्के होते. म्हणजे प्रत्येक औषध गरोदरपणावर सारखाच परिणाम करत नाही. बाळाला लागण होऊ न देणारी औषधं सापडली म्हणून शोध थांबवला असता, तर हा फरक कधीच कळला नसता.

याच डोल्युटेग्राविरबद्दल २०१८ मध्ये मोठी घबराट झाली होती. बोत्स्वानात हे औषध दिवस जाण्याआधीपासून घेणाऱ्या ४२६ बायकांपैकी चौघींच्या बाळांच्या मेंदू किंवा पाठीच्या कण्यात जन्मजात दोष आढळला. अनेक देशांत तरुण बायकांना हे चांगलं औषध नाकारलं गेलं. बोत्स्वानातल्या संशोधकांनी नोंदी चालू ठेवल्या. बाळांची संख्या हजारांत गेली तसं ते प्रमाण खाली येत गेलं आणि शेवटी इतर बायकांच्या बाळांइतकंच भरलं. आज गरोदर बायकांना हे औषध निर्धास्तपणे दिलं जातं.

या औषधाबाबत रोजच्या व्यवहारातली एक बाब मात्र प्रत्येकीला माहीत हवी. आपल्याकडे गरोदर बाईला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या मिळतातच. या गोळ्या उपाशीपोटी डोल्युटेग्राविरसोबत घेतल्या तर त्याला पकडून ठेवतात आणि ते रक्तात पुरेसं उतरत नाही. म्हणून टीएलडी लोह-कॅल्शियमच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यायची. नाहीतर जेवणासोबत सगळ्या एकत्र घेतल्या तरी चालतात. लोहाची गोळी सोडायची नाही आणि एचआयव्हीचीही नाही. गोळ्यांचं वेळापत्रक एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाकडून कागदावर लिहून घ्यावं.

क्षयरोगाचा विषय आपल्या देशात टाळताच येत नाही. पुण्यातल्याच एचआयव्ही असलेल्या बाळंतिणींच्या अभ्यासात दिसलं की आईला क्षय झाला तर आईच्या आणि बाळाच्या मृत्यूचा धोका वाढतो, आणि बाळाला एचआयव्हीची लागण होण्याची शक्यताही सुमारे अडीचपट होते. मग क्षय टाळणारी आयसोनियाझिडची गोळी गरोदरपणातच द्यावी का? आठ देशांतल्या ९५६ बायकांवर ही चाचणी झाली. त्यातही पुणे होतं. २०१९ चा निकाल अनपेक्षित होता. गोळी गरोदरपणात दिलेल्यांमध्ये गर्भपात, मृत मूल, कमी वजन, लवकर प्रसूती किंवा जन्मजात दोष यांपैकी काहीतरी घडण्याचं प्रमाण २३.६ टक्के होतं. बाळंतपणानंतर बारा आठवड्यांनी गोळी सुरू केलेल्यांमध्ये ते १७ टक्के होतं. इतर काही अभ्यासांत असा धोका दिसला नाही, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी गरोदर बायकांना बंद करायला सांगितलेली नाही. तिची वेळ डॉक्टर आईची तब्येत पाहून ठरवतात. पण खोकला, ताप, वजन न वाढणं किंवा रात्री घाम येणं यांतलं काही असेल, तर गरोदर बाईने थांबायचं नाही. थुंकीची तपासणी त्याच आठवड्यात व्हायला हवी.

बाळंतपणाबद्दल थोडक्यात सांगते. एचआयव्ही आहे म्हणून सिझेरियनच करावं लागतं, हा गैरसमज आहे. विषाणू दबलेला असेल तर साधं बाळंतपण सुरक्षित असतं आणि आपल्याकडचं सरकारी धोरणही तसंच आहे. व्हायरल लोड जास्त असेल तर पाणमोट फुटण्याआधी ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेने धोका कमी होतो, म्हणूनच ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यानची व्हायरल लोडची चाचणी चुकवायची नाही. ती १,००० किंवा त्याहून जास्त आली तर बाळासाठीची औषधंही बदलतात.

दुधाचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण इथे घरातल्या मोठ्यांच्या मायेनेच घोटाळा होतो. अंगावरच्या दुधातून विषाणू जाऊ शकतो, हे खरं. म्हणून एके काळी पावडरचं दूध हाच सरसकट सल्ला असे. पण २००६ च्या सुरुवातीला बोत्स्वानात पूर आले, पिण्याचं पाणी दूषित झालं आणि जुलाबांनी कितीतरी बाळं गेली. त्यांतली बहुतेक पावडरच्या दुधावर होती. अंगावरचं दूध बाळाला जे संरक्षण देतं, ते डब्यातून मिळत नाही. प्रॉमिस अभ्यासात अंगावर पिणाऱ्या बाळांना, आई किंवा बाळ यांपैकी एकाला औषध चालू असताना, सहा महिन्यांपर्यंत लागण होण्याचं प्रमाण फक्त ०.३ टक्के होतं आणि वर्षापर्यंत ०.६ टक्के. शून्य नाही, पण अगदी थोडं. म्हणून भारतात आज सल्ला असा आहे: आईची औषधं नियमित असतील तर पहिले सहा महिने फक्त आणि फक्त अंगावरचं दूध. त्यानंतर वरचं खाणं सुरू करून वर्षभर दूध चालू ठेवायचं.

यातला 'फक्त' हा शब्द घरातल्या प्रत्येकाने ऐकायला हवा. दक्षिण आफ्रिकेतल्या २००७ च्या अभ्यासात अंगावरच्या दुधासोबत घट्ट अन्न दिलेल्या बाळांना लागण होण्याची शक्यता, फक्त अंगावर पिणाऱ्यांच्या तुलनेत, जवळजवळ अकरापट निघाली. वरच्या अन्नाने कोवळ्या आतड्याच्या अस्तराला इजा होते आणि मग दुधातल्या विषाणूला आत शिरायला वाट मिळते, असं त्याचं कारण मानलं जातं. आपल्याकडे जन्मल्याबरोबर चाटवलेला मध, गुळाचं पाणी, बाळगुटी, ग्राइप वॉटर, पोट दुखतंय म्हणून दिलेलं ओव्याचं पाणी, दूध पुरत नाही म्हणून एका वेळेला गायीचं दूध, यातलं काहीही सहा महिन्यांच्या आत नको. आजीला हे सांगणं सुनेसाठी सोपं नसतं. आजाराचं कुणाला सांगितलेलं नसेल तर गुटीला नकार द्यायला कारण काय सांगायचं, हाच तिच्यापुढे मोठा पेच असतो. 'डॉक्टरांनी सगळ्याच बाळांना सहा महिने फक्त अंगावर पाजायला सांगितलंय' हे वाक्य तिथे उपयोगी पडतं, आणि ते शंभर टक्के खरंही आहे.

बाळाला जन्मल्यावर लगेच औषधाचं सिरप सुरू होतं. साधारणपणे नेव्हिरापिन सहा आठवडे दिलं जातं. जन्मानंतरही काही आठवडे बाळाला हे औषध दिलं तर सहा आठवड्यांपर्यंतची लागण जवळजवळ निम्म्यावर येते, हेही पुणे, इथिओपिया आणि युगांडातल्या अभ्यासांनी २००८ मध्ये दाखवलं होतं. आईचं औषध उशिरा सुरू झालं असेल किंवा व्हायरल लोड जास्त असेल, तर दोन औषधं आणि गरजेप्रमाणे जास्त काळ. सहाव्या आठवड्यात टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन पहिली तपासणी होते. ही तपासणी थेट विषाणू शोधते. नेहमीची अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीर तयार करतं ती प्रथिनं) शोधणारी चाचणी या वयात फसवते, कारण आईकडून आलेल्या अँटिबॉडी बाळाच्या रक्तात दीड वर्षापर्यंत राहू शकतात. म्हणून सहा महिन्यांच्या बाळाचा साधा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तरी लागण झाली असं समजायचं नाही. पुढच्या तपासण्या सहाव्या आणि बाराव्या महिन्यात आणि शेवटची अठराव्या महिन्यात होते. ती निगेटिव्ह आली की बाळ सुटलं. लागण झालीच असेल तर उपचार लगेच हवेत. उपचार मिळाले नाहीत तर अशी निम्मी मुलं दोन वर्षांची होण्याआधी दगावतात. लवकर औषध दिल्याने लहान बाळांचे मृत्यू ७६ टक्क्यांनी कमी झाल्याचं दक्षिण आफ्रिकेत दिसलं आहे.

कायद्याचं थोडं. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू असलेल्या एचआयव्ही-एड्स कायद्याप्रमाणे, आजार आहे म्हणून बाळंतपण नाकारणं बेकायदेशीर आहे. संमतीवाचून तपासणी करता येत नाही, आजाराची माहिती दुसऱ्याला सांगता येत नाही, आणि गरोदर बाईच्या माहितीपूर्ण संमतीशिवाय गर्भपात किंवा नसबंदी करता येत नाही. 'तुला हा आजार आहे, मग मूल कशाला' असं आजही कानावर येतं. मूल हवं की नको, हे त्या बाईने ठरवायचं आहे.

शेवटी, सर्वांत जास्त गोळ्या चुकतात त्या बाळंतपणानंतर. बाळासाठी म्हणून नऊ महिने नेमाने घेतलेलं औषध बाळ हातात आलं की मागे पडतं. रात्रीची जागरणं, माहेरचा मुक्काम आणि तिथे गोळी लपवायला जागा नसणं, ही त्याची कारणं आहेत. दूध चालू असेपर्यंत बाळाची सुरक्षा याच गोळीवर आहे, आणि आईचं आयुष्य तर कायमचंच. म्हणून बाळंतपणासाठी माहेरी जाण्याआधी आपल्या एआरटी केंद्रात गावाचं नाव सांगून ठेवावं. तिथल्या जवळच्या केंद्रातून गोळ्या मिळण्याची सोय होते. बाळाच्या सहा आठवड्यांच्या तपासणीची तारीखही त्याच वेळी विचारून घ्यावी. जवळचं केंद्र कोणतं, हे माहीत नसेल तर १०९७ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर नाव न सांगताही विचारता येतं.